सिरीज तीनमध्ये २००टीडीआय: इंजिन सर्वांत शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९७४ची लँड रोव्हर सिरीज तीन, ८८ इंची (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर), कित्येक वर्षं उभी. मूळचं २.२५ लिटर पेट्रोल इंजिन जाम झालेलं. डिस्कव्हरी या लँड रोव्हरच्याच नंतरच्या गाडीतून उतरवलेलं एक २००टीडीआय हे टर्बो डिझेल इंजिन हाताशी आलं आहे. ते बसेल का, मूळ गिअरबॉक्स तग धरेल का, डिफ (चाकांना ताकद वाटणारे डिफरन्शिअल) बदलायचे की ओव्हरड्राइव्ह (वरचा वेग देणारी जादा गिअरपेटी) लावायचा, आणि सुरुवात कुठून करायची?

इंजिन बसतं, आणि चांगलं बसतं. जुन्या २२८६ सीसीच्या पेट्रोल इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ९०.४७ मिलिमीटर. २४९५ सीसीच्या टीडीआयचाही नेमका तेवढाच, स्ट्रोक (पिस्टनची चाल) मात्र ८८.९वरून ९७ मिलिमीटरवर गेलेला. दोन्ही इंजिनं एकाच घराण्यातली आहेत, त्यामुळे सिरीजच्या बेल हाउसिंगला (गिअरबॉक्सचं इंजिनाला जोडणारं तोंड) टीडीआय अ‍ॅडॉप्टर प्लेटशिवाय लागतं. म्हणूनच या गाडीसाठी हे इंजिन इतकं लोकप्रिय झालं.

पण सुरुवात इंजिनापासून करू नका. अशा कामात बहुतेक जण आधी इंजिन टाकतात, कारण गाडी सुरू झाली की हुरूप येतो. मग ब्रेक, स्टिअरिंग आणि चॅसी 'नंतर बघू' या यादीत जातात. मूळ इंजिन साधारण ७० हॉर्सपॉवरचं होतं, हे १११चं आहे. ७०साठी घडलेली आणि पन्नास वर्षं गंजलेली गाडी १११ हॉर्सपॉवरच्या हाती देणं धोक्याचं आहे. इंजिनाला लायक गाडी आधी तयार करा. इंजिन सर्वांत शेवटी.

त्याही आधी दोन गोष्टी. पहिली कागदपत्रांची. इंजिन बदललं की इंजिन क्रमांक बदलतो आणि इंधनाचा प्रकारही बदलतो. हे दोन्ही नोंदणीच्या कागदांवर असतं, विम्याच्याही असतं. तुमच्या भागात हा बदल मान्य होतो का, कोणत्या अटींवर होतो आणि जुन्या गाडीला मिळणाऱ्या सवलती त्यामुळे जातात का, हे पाना हातात घेण्यापूर्वी विचारून घ्या आणि उत्तर लेखी घ्या. काम पूर्ण झाल्यावर गाडी रस्त्यावर आणता येत नाही असं कळलं, तर त्यावर कोणत्याच मेकॅनिककडे उपाय नाही.

दुसरी गोष्ट मूळपणाची. ही सिरीज एकची सुरुवातीची ८० इंची गाडी असती आणि मूळ इंजिन शाबूत असतं, तर मी डिझेलचं नावही काढू दिलं नसतं. तशी गाडी जशी होती तशीच जपायची. सिरीज तीन १९७१पासून १९८५पर्यंत बनत होती, गाड्या पुष्कळ आहेत, आणि तुमचं इंजिन जाम आहे. त्यामुळे बदलाला माझी हरकत नाही. एक अट मात्र मी स्वतः पाळतो आणि तुम्हीही पाळा: चॅसीची मूळ ब्रॅकेट आणि इंजिन आणि केबिनमधल्या बल्कहेडचा पत्रा इंजिनाच्या सोयीसाठी कापायचा नाही. जे लावाल ते बोल्टने लावा. पेट्रोल इंजिन तेल घालून, सगळी भोकं बंद करून कोपऱ्यात ठेवा. उद्या कोणाला गाडी मूळ रूपात न्यायची झाली, तर वाट मोकळी राहिली पाहिजे.

आता चॅसी. या गाडीचा पत्रा बर्माब्राइट नावाच्या अ‍ॅल्युमिनिअम-मॅग्नेशिअम मिश्रधातूचा आहे. तो गंजत नाही म्हणून गाडी दुरून धडधाकट दिसते. खालची चॅसी मात्र पोलादाची, चारही बाजूंनी बंद पेटीसारखी, आणि ती आतून गंजते. बाहेर काळा रंग चकचकीत असतो आणि आत पत्रा कागदासारखा पातळ झालेला असतो. डोळ्यांवर विसंबू नका. लहान टोकदार हातोडी घ्या आणि हातभर अंतर नाही, चार बोटांच्या अंतरानं ठोकत जा. निरोगी पोलाद खणखणीत वाजतं. सडलेलं बद्द वाजतं, आणि हातोडीचं टोक आत रुततं. पुढची डंब आयर्न म्हणजे पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) पुढची टोकं जिथे अडकतात ती जागा, बल्कहेडला आधार देणारे, चॅसीतून बाजूला निघालेले आउटरिगर, मागच्या पाट्यांच्या वरचा चढ आणि सगळ्यात मागचा क्रॉसमेंबर (चॅसीची आडवी तुळई), या ठिकाणी सर्वांत जास्त वेळ घालवा. चिखल तिथेच साचतो.

सडलेला भाग सापडला की त्यावर ठिगळ लावू नका. गंजक्या पत्र्यावर नवा पत्रा चढवला की मधल्या फटीत पाणी धरून राहतं आणि वेल्डच्या कडेनं गंज पुढे सरकतो. चांगला पत्रा लागेपर्यंत कापा, तेवढ्याच जाडीचा नवा तुकडा कडेला कड भिडवून बसवा आणि सलग वेल्ड मारा. आउटरिगर आणि मागचा क्रॉसमेंबर अख्खे तयार मिळतात, तिथे कारागिरी दाखवत बसू नका. तीन-चारपेक्षा जास्त ठिकाणी कापावं लागत असेल, तर गॅल्व्हनाइज केलेली नवी चॅसी घेणं हाच शहाणपणा. ठिगळांच्या वेल्डिंगमध्ये चॅसी वाकते, ते तेव्हा कळत नाही. गाडी रस्त्यावर एका बाजूला ओढायला लागली की कळतं. म्हणून वेल्डिंगच्या आधी आणि नंतर चॅसीचे दोन्ही कर्ण मोजा आणि आकडे लिहून ठेवा. काम झाल्यावर पेटीच्या आत मेण फवारा, आणि पाणी निघायची खालची भोकं मोकळी आहेत ना ते तपासा.

बल्कहेडचीही तीच कथा. पाय ठेवायची जागा, दाराचे खांब आणि विंडस्क्रीनखालचे दोन कोपरे सडतात. कापण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी पट्टी टाकून ती जखडून घ्या, नाहीतर नंतर दारं लागत नाहीत. अ‍ॅल्युमिनिअम आणि पोलाद जिथे एकमेकांना टेकतात तिथे ओल आली की अ‍ॅल्युमिनिअम पांढरी भुकटी होऊन झडतं. अशा प्रत्येक सांध्यात प्रायमर आणि सीलंट घाला, बोल्टखाली नायलॉनचा वॉशर ठेवा.

स्टिअरिंगमध्ये एक भाग असा आहे की त्याबद्दल सावध केल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. पुढच्या क्रॉसमेंबरमध्ये उभा बसवलेला स्टिअरिंग रिले, म्हणजे स्टिअरिंगची हालचाल चाकांच्या दांड्यांकडे देणारा भाग. त्याच्या नळीत मधोमध एक जबर दाबलेली स्प्रिंग असते, आणि तिच्या वर-खाली दोन भागांत चिरलेले बुश शाफ्टला धरून बसलेले असतात. शाफ्ट ठोकून बाहेर काढताना बुश नळीच्या तोंडाशी आला, की ती स्प्रिंग मोकळी व्हायला बघते. तेव्हा बुशचे तुकडे आणि स्प्रिंग बंदुकीतून सुटल्यासारखे येतात. बुशची कड नळीबाहेर दिसू लागली की लगेच थांबा. त्यावर होज क्लिप चढवा, घट्ट आवळा, मग थोडं पुढे ठोका, दुसरी क्लिप लावा. डोळ्यांवर चष्मा हवा आणि चेहरा नळीच्या रेषेत नको. हात साफ नसेल तर जुना रिले न उघडता बाजूला ठेवा आणि नवा बसवा. स्टिअरिंगमध्ये हातभर खेळ असलेल्या गाड्यांत दोष बऱ्याचदा याच रिलेमध्ये किंवा टाय रॉडच्या टोकांत असतो, लोक मात्र उगाच स्टिअरिंग बॉक्स उघडत बसतात.

ब्रेक. तुमच्या ८८ इंचीला चारही चाकांना १० इंची ड्रम असतील. पेट्रोल इंजिनाला ते जेमतेम पुरत होते. १०९ इंची गाडीच्या पुढच्या चाकांचे ११ इंची ड्रम, दोन लीडिंग शूवाले, या अ‍ॅक्सलवर बसतात. ते जरूर घाला आणि त्यांना जुळणारा मास्टर सिलिंडरही घाला. सिलिंडर जुनाच ठेवलात तर पेडल खोल जातं. सगळे व्हील सिलिंडर, रबरी पाइप आणि लोखंडी नळ्या नव्या घ्या. यात तडजोड नाही. सर्व्हो (व्हॅक्यूमवर ब्रेकचा जोर वाढवणारा भाग) लावणार असाल तर एक फरक लक्षात ठेवा. पेट्रोल इंजिनाच्या इनटेकमध्ये थ्रॉटलमुळे व्हॅक्यूम तयार होतो, डिझेलला थ्रॉटल नसतो म्हणून तो मिळत नाही. टीडीआयच्या ब्लॉकवर त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. इंजिन घेताना तो सोबत आला आहे ना ते बघा.

इतकं होईपर्यंत इंजिन जमिनीवर ठेवा, पण रिकामं पडू देऊ नका. या काळात त्याची खरी परीक्षा घेता येते. लोखंडी अँगलची चौकट करून इंजिन तिच्यावर घट्ट बसवा, रेडिएटर जोडा, डब्यातून डिझेल द्या आणि तिथेच चालवा. गाडीत चढवल्यावर सापडलेला दोष दुप्पट काम लावतो. थंड इंजिन सुरू होताना थोडा धूर चालेल, पण गरम झाल्यावर धूर राहता कामा नये. निळसर धूर म्हणजे तेल जळतंय. पांढरा आणि डोळ्यांना झोंबणारा म्हणजे न जळलेलं डिझेल: नोझल, पंपाचं टायमिंग किंवा कॉम्प्रेशन. पांढरा आणि गोडसर वासाचा म्हणजे कुलंट सिलिंडरमध्ये शिरतंय. तेलाचं झाकण उघडून बघा. हलकी वाफ ठीक, पण झाकण थडथड उडत असेल तर रिंगा गेल्या. आणि रात्रभर थंड झालेल्या इंजिनाचा वरचा कुलंट पाइप सकाळी दाबून बघा. थंडपणीही तो टणक लागला, तर हेड गॅस्केटवर संशय घ्या. हेड अ‍ॅल्युमिनिअमचं आहे, एकदा जास्त तापलं की वाकतं.

एक सुरक्षेची गोष्ट इथेच. टर्बोचं सील गेलेलं असेल तर इंजिन स्वतःचंच तेल ओढून चालू लागतं. तेव्हा चावी बंद करून काही होत नाही, इंजिनाचा वेग चढतच जातो. जमिनीवर चालवताना हवेच्या पाइपाच्या तोंडावर बसेल अशी लाकडी फळी हाताशी ठेवा. तसं झालं तर फळी तोंडावर दाबून हवा तोडायची. हातानं किंवा फडक्यानं नाही.

चाचणीत पास झालं की टायमिंग बेल्ट, टेन्शनर, क्रँकचं पुढचं-मागचं सील, वॉटर पंप आणि क्लच बदला. जुना बेल्ट वरून चांगला दिसतो म्हणून ठेवू नका. तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. हेच काम गाडीत बसल्यावर करायचं तर पुढचं सगळं उघडावं लागतं.

आता बसवताना काय काय आडवं येतं ते. डिस्कव्हरीच्या इंजिनावर टर्बो खालच्या बाजूला असतो, आणि तो सिरीजच्या चॅसी रेलच्या आणि माउंटच्या अंगावर येतो. डिफेंडरच्या २००टीडीआयवर तो वर असतो, म्हणून डिफेंडरचं इंजिन मिळालं तर काम सोपं होतं. ते थोडं कमी ताकदीचं आहे, १०७ हॉर्सपॉवरचं. या गाडीत तो फरक जाणवतही नाही. तुमच्याकडे डिस्कव्हरीचं आहे, तेव्हा डिफेंडरचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि त्याला जुळणारा टर्बो शोधा. रेल कापून टर्बोला जागा करून दिलेली मी पाहिली आहे. ज्या जागी इंजिनाचा भार येतो तिथलाच रेल कापायचा, हे मला पटत नाही. ऑइल फिल्टरचं हाउसिंगही डिस्कव्हरी आणि डिफेंडरचं वेगळं असतं, तेही जागेशी ताडून बघा. ब्लॉकच्या दोन्ही बाजूंची माउंट जुन्या पेट्रोल इंजिनाची लावता येतात, रबर मात्र नवीन घ्या. आणि फ्लायव्हीलच्या मध्यावरचा छोटा पितळी बुश विसरू नका. सिरीज गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक त्यात फिरतं, आणि त्या टोकाचा व्यास डिस्कव्हरीच्या गिअरबॉक्सपेक्षा वेगळा आहे. सिरीजचाच बुश हवा. गिअरबॉक्स आणि इंजिनामध्ये अखेरची दोन-तीन सेंटिमीटर फट राहिली तर बोल्ट आवळून ती ओढून घेऊ नका. कुठेतरी काहीतरी जुळलेलं नाही एवढाच त्याचा अर्थ.

टर्बो ठेवायचा की काढायचा? काही जण तो काढूनच टाकतात आणि इंजिन साध्या श्वासावर चालवतात. गिअरबॉक्सवरचा ताण कमी होतो, जागेचा प्रश्न मिटतो, इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा) लागत नाही. तसं केलं तर इंजेक्शन पंपाचं इंधनही कमी करावं लागतं, नाहीतर काळा धूर निघत राहतो. गाडी शेताच्या बांधावर आणि डोंगरातल्या कच्च्या वाटांवरच फिरणार असेल तर हा मार्ग उत्तम आहे. लांबच्या रस्त्यावर न्यायची असेल तर टर्बो आणि इंटरकूलर दोन्ही ठेवा, आणि पंपाच्या स्क्रूला हात लावू नका. कारखान्यातून आलेली २६५ न्यूटन-मीटरची ओढ (टॉर्क) या गिअरबॉक्सला पुरेशी आहे, पुरून उरते.

इथून गिअरिंगवर येतो, कारण तुमच्या प्रश्नातला खरा निर्णय हाच आहे आणि घाईत तो चुकतो.

सिरीज तीनचा चौथा गिअर थेट, म्हणजे १:१. ट्रान्सफर बॉक्सचा (गिअरबॉक्समागची, दोन्ही अ‍ॅक्सलना ताकद वाटणारी हाय-लोची पेटी) हाय १.१४८, डिफ ४.७. गुणाकार ५.४. सात-पन्नास सोळा (७.५०-१६) मापाच्या टायरचा घेर साधारण २.४ मीटर धरला, तर २५०० आरपीएमला गाडी ताशी ६७ किलोमीटरवर असते. पेट्रोल इंजिन त्याहून वर फिरायला कुरकुरत नव्हतं. टीडीआयची ओढ १८०० आरपीएमलाच सर्वांत जास्त असते. त्याला ४.७च्या डिफवर ठेवलं तर ते सतत वरच्या फेऱ्यांत ओरडत राहतं आणि ताकदीचा उपयोग होत नाही.

उपाय दोन. रेंज रोव्हर किंवा डिस्कव्हरीतले ३.५४चे डिफ, किंवा ट्रान्सफर बॉक्सच्या मागे बसणारा ओव्हरड्राइव्ह. फेअरीचा ओव्हरड्राइव्ह ०.७८२चा आहे. आता आकडे बघा. ३.५४ घातले तर २५०० आरपीएमला ८९, ओव्हरड्राइव्ह घातला तर ८५. रस्त्यावर दोघे जवळपास एकाच जागी येतात. म्हणून दोन्ही एकदम घालण्यात अर्थ नाही. चौथ्यात इंजिनाला ओढणं जड जाईल.

फरक पडतो तो दुसरीकडे. पेट्रोल इंजिनाची ओढ सुमारे १६३ न्यूटन-मीटर, टीडीआयची २६५. म्हणजे ४.७चे डिफ तसेच ठेवले तर हाफ शाफ्टवर (डिफपासून चाकापर्यंतच्या दांड्यांवर) येणारा पीळ मूळच्या दीडपटीहून जास्त होतो. ३.५४चे डिफ घातले तर तोच पीळ जेमतेम सव्वापट राहतो, कारण डिफच तो कमी वाढवतो. सिरीजच्या १० स्प्लाइनच्या (टोकावरच्या खाचांच्या) मागच्या हाफ शाफ्टची तुटण्याबद्दल ख्याती आहेच. गिअरबॉक्सवरचा ताण दोन्हीकडे सारखाच राहतो, पण अ‍ॅक्सल वाचतात. ओव्हरड्राइव्ह स्वतःही एक गिअरपेटी आहे. सगळी ओढ तिच्यातून जाते, आणि तिला टीडीआयची ओढ सोसवेलच असं नाही.

३.५४ची किंमत लो रेंजमध्ये मोजावी लागते. लो मध्ये पहिल्या गिअरला एकूण रेशो ४०.६ होता, तो ३०.६ होतो. ७५० आरपीएमच्या आयडलवर गाडी आधी ताशी २.७ किलोमीटरनं सरपटायची, आता साडेतीननं सरपटेल. दगडांच्या उतारावर हा फरक पायाला जाणवतो. पण डिझेलचा गव्हर्नर आयडल धरून ठेवतो, इंजिन पेट्रोलसारखं बंद पडत नाही, आणि ओढ जास्त असल्यामुळे चढावर अडत नाही.

माझं मत ३.५४च्या बाजूनं. दिवसभर लो रेंजमध्येच काम असेल, तरच ४.७ ठेवून ओव्हरड्राइव्ह लावा आणि ॲक्सिलरेटरवर पाय हलका ठेवा. डिफ घेताना १० स्प्लाइनचेच घ्या. नंतरच्या गाड्यांत २४ स्प्लाइन आले, त्यांत तुमचे हाफ शाफ्ट जाणार नाहीत. आणि पुढचा-मागचा डिफ एकाच रेशोचा हवा. एक ४.७ आणि एक ३.५४ ठेवून फोर व्हील लावला तर ट्रान्समिशन स्वतःलाच पिळतं आणि काहीतरी तुटूनच थांबतं. बाजारातून आणलेल्या डिफवर काय लिहिलंय यावर जाऊ नका. पिनिअन फिरवा, क्राउनच्या एका फेरीला पिनिअनचे किती फेरे होतात ते मोजा.

डिफ बदलले की स्पीडोमीटर खोटं बोलू लागतो. त्याची केबल ट्रान्सफर बॉक्सच्या बाहेरच्या टोकावरून, म्हणजे डिफच्या आधीच, फिरते. काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी ८०वर असेल. मीटर दुरुस्त करून घ्या किंवा काचेवर खुणा करा, पण तसाच सोडू नका. ओव्हरड्राइव्ह लावला तर हा प्रश्न येत नाही.

गिअरबॉक्स बाहेर आहेच तर उघडून बघा. सिरीज तीनला चारही गिअरांना सिंक्रो (गिअर सहज पडावा म्हणून वेग जुळवणारी रचना) आहे. लेशाफ्टची बेअरिंग आणि दुसरा गिअर आधी झिजतात. दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडल्यावर दांडी आपोआप बाहेर येत असेल, तर टीडीआय लावण्याआधी ते काम करून घ्या.

कूलिंगमध्ये जागेची अडचण येते. इंजिन आणि रेडिएटरमध्ये मूळ पंख्याला अंतर उरत नाही, तेव्हा इलेक्ट्रिक पंखा रेडिएटरच्या पुढून लावणं सोयीचं. पाण्याची वरची टाकी इंजिनातल्या सर्वांत उंच जागेपेक्षा वर हवी. भरताना थर्मोस्टॅट हाउसिंगवरचा प्लग उघडून हवा जाऊ द्या. नुसतं पाणी भरू नका. अ‍ॅल्युमिनिअम हेडला कुलंट हवंच, आणि तापमानाचा मीटर चालू असल्याशिवाय गाडी हलवू नका.

इंधनात मुख्य फरक परतीच्या पाइपचा. इंजेक्शन पंप आणि नोझल जादा डिझेल टाकीत परत पाठवतात, पेट्रोलच्या टाकीला ती नळी नसते. ती वेगळी जोडा. जुनी टाकी काढून पूर्ण साफ करा. तळाशी राहिलेलं पेट्रोल पंपाला घातक आहे, कारण पंपाचं वंगण म्हणजे डिझेलच. पाणी वेगळं करणारा सेडिमेंटर आणि नवा फिल्टर लावा, रबरी नळ्या सगळ्या बदला.

वायरिंग तर आनंद देणारं आहे. इंजिन चालत ठेवायला पंपावरच्या स्टॉप सॉलेनॉइडला चावीनं मिळणारी एक १२ व्होल्टची वायर पुरते. इग्निशन कॉइलला जाणारी वायर तिथे वापरता येते. बाकी लागतात ते हीटर प्लग. टीडीआयचे चारही प्लग १२ व्होल्टचे आणि समांतर जोडलेले असतात. जुन्या सिरीज डिझेलचे एकामागे एक जोडलेले असत. त्यामुळे जुन्या डिझेल गाडीचं वायरिंग आणि रेझिस्टर इथे लावू नका. चार प्लग मिळून मोठा करंट ओढतात, तेव्हा जाड वायर, विजेचा रिले आणि फ्यूज. याच साधेपणासाठी मी जुन्या गाडीत मेकॅनिकल पंपाचं इंजिन घालायला सांगतो. कॉमन रेल (इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचं) इंजिन जास्त ताकद देतं, कमी धूर सोडतं, पण त्यासोबत कंट्रोल युनिट, इमोबिलायझर आणि डझनभर सेन्सर पन्नास वर्षांच्या पत्र्यात आणून बसवावे लागतात.

कोणाकडे दुसरी गाडी असेल तर एवढंच सांगतो: आपल्या गाडीला कारखान्यानं कधी डिझेल दिलं होतं का ते आधी शोधा. लँड क्रूझरच्या एफजे४०ला बीजे४० हे डिझेल भावंड होतं. अशा भावंडाची माउंट, पेडल आणि टाकी मिळाली तर अर्धा प्रवास झाला. फक्त काही डिझेल लँड क्रूझर २४ व्होल्टच्या आहेत, स्टार्टर आणि प्लग त्याप्रमाणे बघून घ्या.

गाडी उभी राहिली की लगेच लांब नेऊ नका. पहिले काही दिवस जवळच्या फेऱ्या, रोज परतल्यावर गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवायचा. सकाळी पुठ्ठ्यावर कुठे डाग पडला ते बघून कोणतं सील गळतंय ते कळतं. इंजिन माउंट, प्रॉपेलर शाफ्टचे बोल्ट, पाट्यांचे यू-बोल्ट आणि चाकांचे नट पहिल्या आठवड्यात पुन्हा आवळा. डिझेलच्या कंपनानं ते सैल होतात, पेट्रोलवर हा अनुभव तुम्हाला आलेला नसेल. टर्बो ठेवला असेल तर एक्झॉस्टच्या तापमानाचा मीटर टर्बोच्या आधी बसवा आणि लांब चढावर तो ७०० अंशांकडे सरकू लागला की एक गिअर खाली घ्या. चढ संपल्यावर इंजिन लगेच बंद करू नका, मिनिटभर आयडलवर राहू द्या, म्हणजे टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल करपत नाही. आणि पहिलं तेल लवकर बदला: ते गाळून बघा, त्यात चकाकणारे कण दिसले तर ते कोणत्या धातूचे आहेत हे चुंबकानं तपासा आणि मला कळवा.